अंदाज चुकला, तर बिल कुणाच्या नावावर? – ‘हूप ड्रीम्स’ पाहताना



आमच्या लॅबमधल्या एका ज्युनियरने परवा चहा पिता पिता विचारलं, "ताई, सर्व्हायव्हरशिप बायस नीट समजावून सांग ना. पण तुझी झाडं सोडून!" झाडं सोडून म्हटल्यावर मनाला जरा लागलंच. पण मागणी रास्त होती, कारण या ब्लॉगवरही मी दर चार पोस्टमागे एक पोस्ट रोपांवरच लिहिते. म्हणून आज सिनेमा. १९९४ सालचा, शिकागो शहरातल्या शाळकरी मुलांच्या बास्केटबॉलवरचा, जवळजवळ तीन तासांचा माहितीपट: ‘हूप ड्रीम्स’. बास्केटबॉलच्या रिंगला तिकडे हूप म्हणतात, तेच हे हूप.

तीन तास ऐकून पळू नका. मी तो आतापर्यंत तीनदा पाहिलाय. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा चिडले आणि तिसऱ्यांदा वही-पेन घेऊन बसले. ही पोस्ट त्या तिसऱ्या वेळची आहे.

गोष्ट थोडक्यात सांगते. चौदा वर्षांची दोन काळी मुलं, विल्यम गेट्स (हो, नाव तेच, परिस्थिती अगदी उलट) आणि आर्थर एजी. दोघंही शिकागोच्या गरीब वस्त्यांमधले. दोघांचं स्वप्न एकच: एनबीए. गल्लीतल्या कोर्टवर खेळताना आर्थरला अर्ल स्मिथ नावाचा एक गृहस्थ हेरतो. मैदानं पालथी घालायची, गुणी पोरं शोधायची आणि त्यांना चांगल्या शाळांपर्यंत पोचवायचं, हा त्याचा उद्योग. दोघंही शहराबाहेरच्या वेस्टचेस्टर उपनगरातल्या सेंट जोसेफ या खासगी कॅथलिक शाळेत दाखल होतात. एनबीएमध्ये पुढे गाजलेला आयझाया थॉमस याच शाळेचा. प्रशिक्षकही तेच, जीन पिंगाटोरे. घरून शाळेत पोचायला दीड तास, परत यायला दीड तास. दिग्दर्शक स्टीव्ह जेम्स आणि त्याचे दोन साथीदार, फ्रेडरिक मार्क्स आणि पीटर गिल्बर्ट, अर्ध्या तासाची छोटी फिल्म करायला निघाले होते. जवळपास पाच वर्षं आणि अडीचशे तासांच्या चित्रीकरणानंतर त्यांच्या हाती हा सिनेमा लागला.

आता ज्युनियरच्या प्रश्नाकडे येऊ. (आणि माफ कर बाई, झाडं येणारच.)

माझ्या पीएचडीत मी जंगलात रोपं मोजते. पावसाळ्यात उगवलेल्या प्रत्येक रोपाला नंबराची पत्र्याची चकती बांधायची आणि दर काही महिन्यांनी जाऊन बघायचं, कोण आहे, कोण गेलं. बरीचशी गेलेली असतात. हा उपद्व्याप कशासाठी? मोठी झाडं मोजली तर चालणार नाही का? नाही चालणार. उभं असलेलं झाड कसं तगलं ते तुम्ही त्याच्याकडे बघून सांगू शकत नाही. त्याच्यासारखीच, त्याच मातीत, तेवढ्याच उन्हात उगवलेली इतर रोपं मेली असतील तर? ती तुमच्यासमोर नसतातच. तगलेल्यांकडे बघून "तगायचं कसं" याचे नियम काढले, की सर्व्हायव्हरशिप बायस झालाच म्हणून समजा.

खेळावरचे बहुतेक सिनेमे नेमकं हेच करतात. आधी विजेता शोधतात, मग मागे जाऊन त्याचं बालपण उकरतात. पहाटे चारला उठायचा, आईने दागिने विकले, कोच कडक होते. अहो, पहाटे चारला उठून कुठेच न पोचलेली मुलं किती? त्यांच्यावर कोण सिनेमा काढणार!

‘हूप ड्रीम्स’चं मोठेपण इथेच आहे. निकाल लागायच्या आधी त्यांनी चकत्या बांधल्या. चौदाव्या वर्षी कॅमेरा लावला आणि जे होईल ते बघत राहिले. आमच्या भाषेत याला प्रॉस्पेक्टिव्ह अभ्यास म्हणतात. रोपापासून सुरुवात करायची आणि काळाबरोबर पुढे चालायचं. म्हणूनच या सिनेमात आठवडाभराची हमाली, वीज तोडलेलं घर, वर्गात डोक्यावरून जाणारा धडा हे सगळं येतं. पुढे कशाचा काय परिणाम होणार हे कॅमेऱ्यालाही माहीत नाही, त्यामुळे त्याने काही गाळलेलं नाही. एका प्रसंगात आर्थर मैदानावर आहे आणि त्याचे वडील त्याच मैदानाच्या कडेला जाऊन ड्रग्ज विकत घेतात. कुठलाही पटकथाकार हा प्रसंग इतका सपाट लिहिणार नाही. कॅमेरा लांबून बघतो. मुलगाही बघतो. बस्स.

अर्थात हाही अभ्यास काही शुद्ध नाही. ही दोन रोपं मुळात निवडलेलीच होती. अर्ल स्मिथच्या नजरेत जी मुलं भरली नाहीत, त्यांना चकती नाही. शिवाय नमुना दोनचा! माझ्या गाइडसमोर दोन रोपांचा डेटा घेऊन गेले तर मॅडम मलाच चकती बांधतील. पण सिनेमाकडून टक्केवारी मागू नये. एखादी गोष्ट घडते कशी, तिच्यातले सांधे कुठे आहेत, हे तो दाखवतो, आणि त्याला दोन मुलं पुरतात.

तर तो सांधा कोणता?

सेंट जोसेफने दोघांनाही घेतलं, पण फी पूर्ण माफ कुणालाच नव्हती. विल्यम पहिल्याच वर्षी मुख्य संघात आला आणि प्रशिक्षकांना त्याच्यात पुढचा आयझाया थॉमस दिसू लागला. त्याच्या फीचा उरलेला भार उचलायला एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या अध्यक्ष पॅट्रिशिया वीअर पुढे आल्या. आर्थर बुटका, कनिष्ठ संघात. फी वाढली, आईवडिलांच्या नोकऱ्या गेल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर त्याला शाळा सोडावी लागली. तो घराजवळच्या मार्शल या सरकारी शाळेत गेला. तिथले प्रशिक्षक ल्यूथर बेडफर्ड यांचं मत अगदी रोकठोक आहे: पोरगा त्यांना वाटला होता तसा खेळला असता, तर फीसाठी त्याला कुणी घालवलं नसतं.

इथे थोडं विज्ञान. चौदा वर्षांच्या मुलाकडे बघून तो अठराव्या वर्षी कसा खेळेल हे सांगणं फार अवघड आहे. या वयात मुलांची वाढ एका वेगाने होत नाही. कुणी आठवीतच ताडमाड होतो, कुणी अकरावीत. प्रशिक्षकाला जे ‘टॅलेंट’ दिसतं त्यात ‘लवकर वाढला’ हा भाग किती आणि खरं कौशल्य किती, हे वेगळं काढता येत नाही. १९८५ मध्ये रॉजर बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी कॅनडातल्या ज्युनियर आइस हॉकी खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या. वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेली मुलं शेवटच्या तीन महिन्यांतल्यांपेक्षा कितीतरी जास्त निघाली. कारण साधं होतं. वयोगट १ जानेवारीला मोजायचे. जानेवारीतला मुलगा डिसेंबरातल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा, म्हणून अंगाने थोराड, म्हणून निवडला जाणार. मग त्याला चांगला कोच, जास्त सराव, जास्त सामने. थोड्या वर्षांनी तो खरोखरच चांगला खेळतो, आणि निवडणारे म्हणतात, "बघा, आम्ही बरोबर ओळखलं होतं!"

म्हणजे असल्या निवडीत चुका होणारच. पिंगाटोरे काही अडाणी नव्हते. हजाराहून अधिक सामने जिंकलेला माणूस तो. त्यांचा अंदाज चुकला, यात त्यांचा दोष मी धरत नाही. माझाही अंदाज दर पावसाळ्यात चुकतो. माझी तक्रार पुढच्या पायरीवर आहे: अंदाज शाळेचा, मग तो चुकल्याचं नुकसान कुणाचं?

आर्थरच्या बाबतीत ते त्याच्या घराच्या नावावर पडलं. शाळा त्याच्या दारात गेली होती, तो शाळेच्या दारात गेला नव्हता. तरी थकबाकी त्याच्या आईबापांच्या नावे राहिली, आणि ती भागेपर्यंत शाळेने त्याचे गुणांचे कागद अडकवून ठेवले. त्या कागदांवाचून मार्शलमधून पदवी मिळणार नव्हती. त्याची आई शीला एका प्रसंगात कॅमेऱ्यालाच विचारते, की महिन्याला २६८ डॉलरमध्ये आम्ही जगतो कसे, हे तुमच्या मनात कधी येत नाही का? हा प्रश्न दिग्दर्शकालाही आहे आणि आपल्यालाही. आपण तोवर मुलगा बास्केट टाकतो की नाही एवढंच बघत असतो.

विल्यमची फी सुटली, पण त्याचं बिल गुडघ्यावर आलं. दुखापत, शस्त्रक्रिया, परत मैदान, परत दुखापत. पैजेचा घोडा झाल्यावर नुसतं मुलगा म्हणून राहायला वेळच मिळत नाही. एकदा घरच्या अडचणीबद्दल तो प्रशिक्षकांशी बोलायला गेला, तेव्हा घरच्यांचा विषय मनातून काढून टाक, अशा अर्थाचा सल्ला मिळाल्याचं तो सांगतो. सांगतानाचा त्याचा चेहरा बघा. संताप नाही. आपण इतकी वर्षं कुणाशी बोलत होतो, याचं नुसतं आश्चर्य.

मग येतो कॉलेजच्या भरतीचा भाग. यात सिनेमा सगळ्यात थंड आणि सगळ्यात धारदार आहे. प्रिन्स्टनला नाइकेचं उन्हाळी शिबिर भरतं. देशभरातली निवडक मुलं कोर्टवर पळतायत आणि वर बाकांवर ओळीने नामवंत कॉलेजांचे प्रशिक्षक वह्या घेऊन बसलेत. दिग्दर्शक स्पाइक ली येऊन मुलांना तोंडावर सांगतो की तुम्ही इथे आहात ते या शाळांना सामने जिंकून, पैसे मिळवून देण्यासाठी. मुलं ऐकतात, आणि पुन्हा पळायला जातात. दुसरं काय करणार?

विल्यमला मिलवॉकीच्या मार्क्वेट विद्यापीठाने शिष्यवृत्ती देऊ केली, आणि गुडघ्याने दगा दिला तरी ती कायम राहील असा शब्द दिला. या शब्दाचं मोल कळायला एक नियम माहीत हवा. अमेरिकी कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएए. तिच्या नियमांत १९७३ पासून क्रीडा शिष्यवृत्ती एकेका वर्षापुरती असे. दरवर्षी नूतनीकरण, आणि ते करायचं की नाही हे कॉलेजच्या हातात. अनेक वर्षांची हमी एकदम द्यायला परवानगी मिळाली ती २०१२ मध्ये. म्हणजे विल्यमच्या काळात ‘चार वर्षं’ हा कागदावरचा करार नव्हता, दिलेला शब्द होता. तो पाळला गेला. पुढे विल्यमचं बास्केटबॉलवरून मन उडालं, तेव्हा विद्यापीठाने न खेळताही त्याला शिकू दिलं. सिनेमाच्या शेवटी हे दोन ओळींत पडद्यावर येतं आणि जातं. माझ्या मते ती अख्ख्या सिनेमातली सगळ्यात महत्त्वाची बातमी आहे. अंदाज ज्याचा, नुकसान त्याचं, हे होऊ शकतं. कुणीतरी केलं.

आर्थर मिसूरीतल्या मिनरल एरिया नावाच्या छोट्या कॉलेजात गेला. तिथे सगळे मिळून सात काळे विद्यार्थी, त्यातले सहा बास्केटबॉल संघात. या दोन आकड्यांवर मी वेगळं काही लिहायची गरज नाही.

आता माझं भांडण. हो, एवढ्या कौतुकानंतर भांडणही आहे.

सिनेमाच्या शेवटच्या तासात एक चमत्कार होतो. आर्थर उंच झालेला असतो, आणि १९९१ मध्ये त्याची मार्शल शाळा एकेक सामना मारत सुटते. किंग हायस्कूल म्हणजे सात फुटी पोरांचा बलाढ्य संघ. त्यालाही शहराच्या अंतिम सामन्यात हरवते. राज्यस्पर्धेत उपांत्य फेरीत पिओरिया मॅन्युअलकडून हरते, पण तिसरा क्रमांक घेऊन परतते. तिकडे विल्यमच्या चारही वर्षांत सेंट जोसेफ राज्यस्पर्धेच्या त्या शेवटच्या टप्प्यापर्यंत पोचत नाही. टाकून दिलेला मुलगा तिथे पोचला, जपलेला मुलगा नाही.

पहिल्यांदा पाहताना मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. सेंट जोसेफ हरली तेव्हाही, खरं सांगते, बरं वाटलं. विल्यम त्याच संघात होता. तो माझा लाडका होता. त्याचा पराभव बघून मला आनंद झाला! हे काय झालं मला?

झालं ते मानसशास्त्राला जुनं माहीत आहे. १९५१ मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांत अमेरिकन फुटबॉलचा एक फार धसमुसळा सामना झाला. प्रिन्स्टनच्या स्टार खेळाडूचं नाक फुटलं, डार्टमथच्या एकाचा पाय मोडला. आल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल यांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्याच सामन्याची तीच फिल्म दाखवून नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथच्या संघाचे नियमभंग डार्टमथच्या मुलांना सरासरी चारच्या आसपास दिसले, प्रिन्स्टनच्या मुलांना दहाच्या आसपास. १९५४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. लेखकांचं म्हणणं असं, की एकच सामना वेगळ्या चष्म्यातून बघितला असं समजू नका. दोन बाजूंच्या लोकांसाठी तो सामनाच दोन होता.

‘हूप ड्रीम्स’ आपल्याला अलगद एका बाजूच्या स्टँडमध्ये नेऊन बसवतो. मग आपल्याला पिंगाटोरेंची प्रत्येक भुवई खलनायकाची दिसते आणि मार्शलचा प्रत्येक गुण न्यायाचा वाटतो. संकलन अप्रतिम आहे. ऑस्करला माहितीपटाच्या यादीत या सिनेमाला जागाच मिळाली नाही, संकलनाचं नामांकन मात्र मिळालं, आणि त्या गदारोळानंतर माहितीपट निवडायची पद्धतच बदलली गेली. पण हेच संकलन इथे थोडा घात करतं. धावफलकालाच ते न्यायाधीश करतं.

विचार करून बघा. आर्थर उंच झालाच नसता तर? मार्शल पहिल्याच फेरीत हरली असती तर? त्याचे कागद अडकवून ठेवणं तेवढंच वाईट असतं. एक कणही कमी नाही. पण आपल्याला तेवढं लागलं असतं का? मला शंका आहे. आपण म्हणालो असतो, "बिचारा. पण शाळेचंही काय चुकलं? मुलगा खेळलाच नाही." अन्याय सिद्ध करायला त्या मुलाला जिंकून दाखवावं लागतं, आणि हा तर सर्व्हायव्हरशिप बायसच झाला. ज्या खड्ड्याला सिनेमा पहिले दोन तास वळसा घालून गेला, त्यातच आपल्याला शेवटच्या तासात टाळ्या वाजवत ढकलतो. शिवाय सगळा राग एका प्रशिक्षकावर काढला की ती फीची रचना, ती वर्षावर्षाची शिष्यवृत्ती, ते वह्यावाले सगळे हळूच मागच्या दाराने निसटतात.

तरीही एक प्रसंग या सगळ्या हिशोबाबाहेर आहे, आणि तो धावफलकाचा नाही. शीला नर्सिंग असिस्टंटचा अभ्यासक्रम पूर्ण करते. निकाल कळतो: वर्गात सगळ्यात जास्त गुण तिचेच. छोट्याशा खोलीत छोटासा समारंभ. तिला कुठल्याही स्काउटने हेरलेलं नव्हतं, तिच्यावर कुणी पैज लावली नव्हती. ती रडते. मी तिन्ही वेळा रडले; तिसऱ्यांदा वहीत काही लिहिलं नाही.

कॉलेज खेळाडूंना २०२१ पासून स्वतःच्या नावावर पैसे कमवायची मुभा मिळाली आहे. चांगलंच झालं. पण तो पैसा निवडल्या गेलेल्यांचा. चौदाव्या वर्षी ज्याच्यावर कुणीतरी डाव लावला आणि सोळाव्या वर्षी हात काढून घेतला, त्याचं काय? हा प्रश्न बास्केटबॉलपुरता नाही. कुठल्याही निवड समितीला, कोचिंग क्लासच्या ‘स्पेशल बॅच’ला, आणि हो, फेलोशिपच्या मुलाखतीलाही तो विचारता येतो. तुम्ही किती हिरे शोधले ते राहू द्या. ज्यांच्याबाबत तुमचा अंदाज चुकला, त्यांना तुम्ही घरी कसं पाठवलंत, तेवढं सांगा.

मी स्वतः फेलोशिपवर आहे. दरवर्षी प्रगती अहवाल, दरवर्षी नूतनीकरण. म्हणूनही असेल, आर्थरचे ते अडकलेले कागद माझ्या डोक्यातून जात नाहीत.

तर ज्युनियरबाई, समजलं का? नसेल तर सिनेमा बघ. सोबत रुमाल ठेव, आणि शेवटच्या तासात आपण कुठल्या स्टँडमध्ये बसलोय त्यावर लक्ष ठेव.

पुढच्या पोस्टमध्ये परत झाडं. इलाज नाही, पावसाळा आलाय आणि चकत्या बांधायच्यात.